एका ओट्यावर दोघी

भोरच्या आठवडे बाजारात जोडीनं बसणाऱ्या बायकांची एक रीत आहे. आपल्या मालावर गिऱ्हाईक घासाघीस करत असेल तर करू द्यायची. पण जोडीदारीण उठून गेली असेल, तर तिच्या मालाचा भाव एका रुपयानंही उतरवायचा नाही. ती जो भाव सांगून गेली, तोच. गिऱ्हाईक रागावून गेलं तर गेलं. माल उरला तर पुढच्या बाजाराला तिच्या हाती परत द्यायचा. ही रीत कुणी घालून दिली हे मला माहीत नाही. आईलाही नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दुसरीच्या कष्टाचा भाव आपण कसा पाडायचा?" आणि मेथीच्या जुड्यांवर पाणी मारू लागली.

आमचं घर उत्रोलीत. भात निघालं की त्याच वावरात आम्ही मेथी, कोथिंबीर, पावटा असं काहीबाही करतो आणि आई ते बाजाराला नेते. तिची जोडीदारीण वेल्ह्याकडची. विंझरच्याही पुढं, डोंगराच्या पोटाला तिचं गाव आहे. पण तिचं माहेर उत्रोली, म्हणून आई तिला वन्सं म्हणते आणि मी आत्या. सख्खं नातं नाही. आमच्या आळीतली लेक, एवढंच. ती नाचणी आणि वरई आणते, उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या. सकाळच्या एसटीनं निघते, हायवेच्या फाट्यावर गाडी बदलते आणि उन्हं तापायच्या सुमाराला भोरला पोचते. तोवर आईनं आपल्या गोणपाटाशेजारी तिचंही गोणपाट पसरून ठेवलेलं असतं.

दुपार कलली की आत्याला उठावंच लागतं. फाट्यावरची वेल्ह्याकडं जाणारी गाडी चुकली तर पुढं जायची सोय नाही. आणि खरं गिऱ्हाईक येतं ते संध्याकाळी, शाळा-कचेऱ्या सुटल्यावर. त्यामुळे तिची निम्मी नाचणी आईच विकते. सगळा बाजार आत्याला वन्संच म्हणतो. नेहमीचे लोक लांबून विचारतात, "वन्सं गेल्या का?" आई मान हलवते. मग ते "म्हणजे भाव पक्का" असं पुटपुटत पिशवी पुढं करतात.

मी भोरच्या कॉलेजात भूगोल घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. त्यामुळे मी नेमकं काय शिकते, हे घरी सांगणं मला नेहमी अवघड जातं. आईला वाटतं, मी शिक्षिका होणार. वडील काही विचारत नाहीत. बाजाराच्या मागं दोर, चाळण्या, विळे विकणाऱ्या चाचांचं दुकान आहे, ते मात्र मला सोडत नाहीत. बायका आपली गोणपाटं आणि तराजू त्यांच्याच मागच्या खोलीत ठेवतात, म्हणून माझं तिथं लहानपणापासून जाणं-येणं. "भूगोल शिकून काय करणार गं? एसटीची पाटी वाचणार?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी हसते. उत्तर मलाही नीट माहीत नसतं.

मागच्या वर्षी भात कापणीच्या दिवसांत चाचांनी मला हाक मारली. "पालिकेत नकाशा लावलाय. जुन्या पेठेत कुठं काय होणार त्याचा. आम्ही बघून आलो, रंगपंचमी दिसली नुसती. तू जा, आणि आम्हाला समजेल असं सांग."

आमच्या गावाला समुद्र नाही, पण पेठ वसली ती बंदराच्या मालावर, असं चाचा म्हणतात. त्यांचे आजोबा मिठाचे व्यापारी. कोकणातल्या बंदरावर उतरलेलं मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवर घाट चढून भोरला यायची, आणि जाताना इथला तांदूळ जायचा. बैल चालतील एवढ्याच रुंदीचे रस्ते तेव्हा पुरत होते. आता त्याच रस्त्यावर टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि बाजाराच्या दिवशी आम्ही. तेव्हा काहीतरी करायला हवं होतंच, हे कुणीही मान्य करील.

नकाशा मोठा होता, भिंतभर. वर्गात आम्हाला असेच नकाशे वाचायला शिकवले होते, पण त्यातली गावं अनोळखी असत. इथं मी पिवळ्या रंगावर बोट ठेवलं आणि ती माझ्या मैत्रिणीची आळी निघाली. पिवळं म्हणजे राहण्याची जागा, निळं दुकानांची, लाल सरकारी, हिरवं मोकळं. नदी ओळखली, राजवाडा ओळखला, चाचांच्या दुकानासमोरची रुंदीकरणाची तुटक रेघ ओळखली. ती रेघ त्यांच्या पायऱ्यांवरून जात होती. आणि बाजाराच्या मैदानावर लिहिलं होतं, भाजी मंडई. छप्पर, ओटे, नळ, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह.

ते शेवटचं वाचून मला फार बरं वाटलं. बाजाराच्या दिवशी आई दुपारपर्यंत पाणी पीत नाही. पिलं तर जायचं कुठं? फारच गरज पडली तर चाचांच्या घरी जावं लागतं, आणि दर बाजाराला कुणाच्या दारात जायचं म्हणून बायका कळ काढतात. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते, आणि कुणीतरी न सांगता ते नकाशात घातलं होतं.

मग मी खालच्या टिपा वाचल्या. मंडईत फक्त भाजीपाला आणि फळं. धान्य, कडधान्य, भरडधान्य आणि रानमेवा यांच्यासाठी वेगळी जागा, पेठेच्या दुसऱ्या टोकाला, एसटी स्टँडच्या बाजूला. एका ओट्यावर एकच विक्रेता, एकाच प्रकारचा माल. मी दोन्ही जागांमध्ये बोटानं अंतर मोजलं. मधे अख्खी पेठ होती.

पुढच्या बाजारी मी मोबाईलवर काढलेला फोटो दोघींना दाखवला. आईला ओट्याचं चित्र आवडलं. आत्यानं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यात मी कुठं?"

मी फोटो सरकवून दुसरं टोक दाखवलं. "इथं. धान्याकडं."

"आन् ही?"

"इथं."

आत्यानं फोन परत दिला. "मंग दुपारनंतर माझी नाचणी कोण बघंल?"

"मी यीन की अधनंमधनं," आई म्हणाली.

"आन् मेथी कोण विकंल? दादा?" आत्या आमच्या वडलांना दादा म्हणते. "त्यो गिऱ्हाईक बघून लाजतो. जुडी फुकट दिऊन टाकंल."

बाजूच्या बायका हसल्या. आत्याही हसली. मग नाचणीच्या पोत्याचं तोंड दुमडत म्हणाली, "निम्मी नाचणी परत न्यायची आसंल तर यायचं तरी कशाला? एवढ्या लांब?" ती हे अगदी साधेपणानं बोलली, जसं आभाळ आलंय म्हणावं.

घरी तांदूळ निवडायला बसल्यावर आई म्हणाली, "तिचा भाऊ पुण्याला गेला, घराला कुलूप. आईबाप न्हाईत. उत्रोलीची माणसं तिला भेटत्यात ती बाजारातच. तिचा बाजार सुटला की माहेर सुटलं." सूप खाली ठेवून म्हणाली, "तुला ह्यातलं काय करता येतंय का बघ."

आईनं मला असं काही पहिल्यांदाच सांगितलं होतं.

कॉलेजातल्या सरांना विचारलं तेव्हा कळलं, हा आराखडा कच्चा आहे. त्यावर कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतं, मग सुनावणी होते. 'कुणीही' या शब्दावर मी दोनदा खात्री करून घेतली. रात्री बसून अर्ज लिहिला. त्यात 'सदर', 'उपरोक्त', 'नमूद' असे सगळे शब्द घातले, कारण अर्जात ते असतात. आईला वाचून दाखवला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पर ह्यात आमी कुठं हाय?"

आणि तिला 'हरकत' शब्द पटत नव्हता. "छप्पर देत्यात, नळ देत्यात. हरकत कशाची? आमाला शेजारी बसू द्या म्हनावं, एवढंच."

मी पुन्हा लिहिलं. आई किती वाजता निघते, आत्या कोणत्या गाडीनं येते, केव्हा जाते, मग कोण काय विकतं. फार मोठं झालं नाही. दुसऱ्या बाजारी बाकीच्या जोड्यांना विचारलं. बऱ्याच जणी हो म्हणाल्या. एक किकवीची बाई मात्र म्हणाली, "माझं नाव नको घालू. माझी जोडीदारीण गिऱ्हाइकापुढं घोरती. मला येगळा ओटा मिळाला तर देव पावला." तिची जोडीदारीण शेजारीच बसली होती. ती डोळे न उघडता म्हणाली, "ऐकू येतंय मला."

सुनावणीचं पत्र आलं, आणि तारीख नेमकी बाजाराची. आई म्हणाली, मी पण येते. मला जरा धीर आला. दुपारी तिनं पदर झाडला, आत्याला मेथीचा आणि पावट्याचा भाव सांगितला आणि आम्ही निघालो. आमच्यापुढं चाचा, ठेवणीतली टोपी घालून. त्यांनीही पायऱ्यांसाठी अर्ज केला होता.

सभागृहात खूप माणसं होती. काहींच्या हातात जाड फायली, काहींबरोबर वकील. चाचांचा नंबर आधी लागला. ते म्हणाले, "रस्ता रुंद करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढं बघा, बाजाराच्या दिवशी बायका जेवायला माझ्या पायऱ्यांवर बसतात. एखादी ठेवा." ते बसले आणि मला म्हणाले, "झालं. एवढंच असतं. तू उगाच घाबरतेस."

समोर नगररचनेच्या मॅडम बसल्या होत्या, आईच्याच वयाच्या. मी कागद धरला, पहिलं वाक्य वाचलं आणि दुसऱ्या वाक्याची ओळच सापडेना. मॅडम म्हणाल्या, "सावकाश. घाई नाही." मग मी कागद खाली ठेवला आणि जमेल तसं सांगितलं. आत्याची गाडी, संध्याकाळचं गिऱ्हाईक, दोन टोकांच्या दोन जागा.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "पण ही विभागणी आम्ही उगाच केलेली नाही," त्या म्हणाल्या. "भाजीवर पाणी मारतात. ते धान्याला लागलं तर धान्य खराब होतं. तक्रारी आल्यात."

हे खरं होतं. मी आईकडं पाहिलं.

आई उठून उभी राहिली. "उताराच्या बाजूला मी बसते, चढाला वन्सं. पानी माझ्याकडनं खाली जातंय. मधी एक पोतं उभं करतो आमी."

"नेहमी?"

"न्हाई केलं तर वन्सं बोलत्यात की."

मॅडम किंचित हसल्या. "आणि ताई, दुसरीचा माल तुम्ही विकता, त्यावरून भांडणं होत नाहीत?"

आईनं त्यांना भावाची रीत सांगितली. मी सुरुवातीला लिहिली तशी नीट नाही. आई बोलताना तीन ठिकाणी भरकटली, मधेच मेथीचा यंदाचा भाव आला. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आज तर बाजार आहे. तुम्ही इथं आलात, मग तुमचा माल?"

"वन्सं बघतीया."

"पण त्यांना दुपारची गाडी धरायची असते म्हणालात."

आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मीही तेव्हाच पाहिलं. गाडी सुटून गेली होती. आम्ही निघताना आत्यानं गाडीचं नावही काढलं नव्हतं.

"आज तिनं गाडी सोडली," आई म्हणाली.

मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. काय, ते मला दिसलं नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "कळवू." आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

बाजारात परतलो तर आत्या दोन्ही गोणपाटांच्या मधे पाय मुडपून बसलेली, आणि मेथीच्या निम्म्याहून जास्त जुड्या तशाच.

"वन्सं, ही मेथी?"

"मागत हुते की. कमी करा म्हनत हुते."

"मंग करायची की कमी! ती उद्या टिकती व्हय?"

"कमी करा आसं तू कुठं सांगून गेलीस? रीत म्हंजे रीत."

"नाचनीची रीत मेथीला लावता तुमी?"

"मला कोन तरी कागदावर लिहून द्या," आत्या म्हणाली, "कुठल्या मालाला कुठली." आईनं कपाळावर हात मारला आणि खाली बसून अर्ध्या भावात मेथी म्हणून ओरडायला लागली. मला हसू आवरेना. आत्या रुसल्यासारखं करून चाचांच्या दारातल्या नळावर पाय धुवायला गेली.

तेवढ्यात सुनावणी आटोपून मॅडम आल्या. बरोबर एक सहायक, हातात मोजायची टेप. त्या आमच्यापुढंच थांबल्या, जमिनीचा उतार पाहिला, मधलं पोतं पाहिलं. मग नाचणीचा भाव विचारला. आईनं सांगितला.

"थोडं कमी करा की."

"ती नळावर गेलीया. आली की तिच्याशी बोला."

"अहो, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"मंग दोन मिनिटं थांबा," आई म्हणाली. उद्धटपणे नाही, जसं कुणालाही म्हणते तसं.

मला वाटलं, झालं, संपलं आता सगळं. पण मॅडम खरंच थांबल्या. बाजाराच्या गर्दीत, लोकांचे धक्के खात. आत्या पदराला हात पुसत आली. मॅडमनी पुन्हा विचारलं आणि आत्यानं एका दमात भाव उतरवला, वर ओंजळभर जास्तीची घातली.

"एवढं सोपं होतं?" मॅडम म्हणाल्या.

"माझंच हाय न्हवं," आत्या म्हणाली.

त्या दिवशी आत्या आमच्याकडं राहिली. कितीतरी वर्षांनी ती उत्रोलीत मुक्कामाला होती. उजेड होता तोवर आळीतून फिरून आली. बंद घराच्या अंगणातलं गवत उपटून आली, हे तिच्या हातांवरून कळलं. चुलीपुढं बसून तिनं वडलांना लहानपणावरून चिडवलं, आणि वडील खरंच लाजले. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती गेली.

होळीनंतर सुधारलेला आराखडा लागला. या वेळी मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतःच गेले. चाचांच्या पायऱ्यांवरची रेघ थोडी सरकली होती. चाचांच्या हिशेबानं बूड टेकेल एवढी जागा उरत होती आणि माणसाला त्याहून जास्त लागत नाही. धान्याची वेगळी जागा तशीच होती, मोठ्या व्यापाऱ्यांसाठी. पण मंडईच्या टिपेत नवीन ओळी आल्या होत्या. बाजाराच्या दिवशी ओल्या आणि सुक्या मालाचे ओटे लागून, सुका चढाच्या अंगाला, मधे बुटकी भिंत. दोघींनी मिळून मागणी केल्यास दोन्ही ओटे एकत्र द्यावेत, आणि एकीच्या गैरहजेरीत दुसरीला विक्री करता यावी. मी ते उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. आईच्या पोत्याची भिंत झाली होती.

सगळं झालं असं नाही. आराखडा मंजुरीला पुढं गेला आहे. तो केव्हा येईल, पैसे केव्हा मिळतील, ओटे केव्हा बांधले जातील, मला ठाऊक नाही. सर म्हणतात, घाई करू नकोस, अशा गोष्टींना वर्षं लागतात. पण आत्ता बसणाऱ्या बायकांची नोंद पालिकेनं सुरू केली आहे. मागच्या बाजारी मी दोघींना घेऊन गेले. माल चाचांच्या भरवशावर टाकला. त्यांना भाव बजावून सांगितला होता, आणि मेथीचा उतरवला तरी चालेल, हेही.

खिडकीतल्या माणसानं कागद पुढं सरकवला. "जोडीचा ओटा ना? दोघींनी सह्या करा."

"वन्सं, तुमी आधी. तुमी मोठ्या."

"तू कर. तुझा गाव हाय."

"गाव तुमचा. मी सून हाय हितली."

"कुणीतरी करा हो," तो माणूस म्हणाला. "मागं रांग बघा."

आत्यानं केली. सावकाश, एकेक अक्षर काढत. खाली आईनं केली. फोन नंबरच्या जागी दोघींनीही माझाच दिला. बाहेर आल्यावर आत्यानं उन्हाकडं पाहून वेळेचा अंदाज घेतला आणि पिशवी काखेत मारली.

"घरात वरई पडून हाय," ती आईला म्हणाली. "यायचं हुतंय का न्हाई म्हनून आनली न्हवती. आनू का पुढच्या बाजाराला?"

"आना," आई म्हणाली. "सगळी आना. मी हाय."

आत्या स्टँडच्या दिशेनं भरभर चालायला लागली.